दोरावरची कुऱ्हाड

पूर्णेच्या पाण्यात सागाचं पान दिसलं की नाववाला काठाकडे पळतो. काळ्या मातीत साग होत नाही. साग वर, सातपुड्यात. तिथलं हिरवं, फाटकं पान वाहत खाली आलं म्हणजे डोंगरात ढग फुटला आणि पूर त्या पानाच्या मागोमाग निघाला.

सूर्यभान भोयाने ते पान पाहिलं. नावेच्या कडेला येऊन चिकटलं होतं. त्याने ते उचललं, मुठीत चुरगाळलं आणि मूठ पाठीमागे नेली.

दर्यापूरकडचा कापूस अकोल्याला जायचा तो याच घाटावरून. गाडी नावेला बांधून पार ओढायची, बुडालेली वर काढायची, हा सूर्यभानचा धंदा. तिकडे अमेरिकेत गोरे गोऱ्यांना मारून राहिले होते, म्हणून इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं होतं. सोनं गेलं अडत्यांच्या घरात. भोयाच्या घरात काय आलं? घाई. पूर्वी स्वातीचा पाऊस उघडेस्तोवर गाड्या काठावर थांबत. आता कोणी थांबेना.

अकोल्याचा अडत्या केशवराव तर नावेसाठीही थांबला नव्हता. त्याने गाडी तशीच उतारात घातली. बैल कसेबसे सुटले. गाडी कापसाच्या गाठींसकट डोहात गेली.

"काढ!" तो काठावरून ओरडला.

"मालक, पानी वाढून राहिलं. उद्या काढू."

"उद्या काय चिखल विकू? आज गाडी निघाली नाही तर घाट दुसऱ्या भोयाला देववतो. आणि शिपाई आणून तुझी नाव सरपणाला फोडतो. मग बस मासे हुंगत!"

केशवरावाला पान ठाऊक नव्हतं. सूर्यभानला ठाऊक होतं. तरी त्याने पानाचं नाव काढलं नाही. भीती ही अशी असते. जवळच्या माणसाची भीती दूरच्या पुरापेक्षा मोठी वाटते.

गोवर्धन, त्याचा साळा, लंगोट कसून उभाच होता. "भाऊजी, काहून भेता? भिजला कापूस म्हशीवानी जड होते. उद्या काय तुमचा आजा येईन उचलाले?"

नावेच्या तोंडाचा दोर काठावरच्या बाभळीला बांधलेला. शेपटाकडचा दुसरा दोर घेऊन बुडी मारायची, तो गाडीच्या आखाला बांधायचा आणि त्याच दोराला धरून वर यायचं. गढूळ पाण्यात खालीवर कळत नाही. तो दोर हीच वाट. पण गाडी प्रवाहात घसरली तर ती नावेलाही तळाला नेते. म्हणून शेपटाशी एक माणूस कुऱ्हाड घेऊन बसतो. नाववाल्याने 'तोड' म्हटलं की त्याने गाडीचा दोर तोडायचा, खाली माणूस असला तरी. भोयांची जुनी चाल होती की बुडी मारणाऱ्याचं सोयरं त्या कुऱ्हाडीवर बसवायचं नाही. सोयऱ्याचा हात थांबतो.

कुऱ्हाडीवर बसणारा भगवंत म्हातारा अकोल्याला गाठी उचलायला गेला होता. भोईवाड्यातले सगळे हातपाय तिकडेच गेले होते. राहिली जमुना. सूर्यभानची बायको, गोवर्धनची थोरली बहीण.

"बस व तू," सूर्यभान म्हणाला.

जमुनाने कुऱ्हाड घेतली. तिची नजर त्याच्या बंद मुठीवर होती. देठ बोटांतून बाहेर आला होता.

"हातात काय हाये?"

"काई नाई."

तेवढ्यात गोवर्धनने उडी टाकली.

दोर सरसर खाली गेला, थांबला, हलत राहिला. मग ताठ झाला. आखाला गाठ बसली होती. आता डोकं वर यायला हवं होतं. आलं नाही.

वरच्या वळणावरून आवाज आला. दूर कुठे जात्यात दगड भरडावेत तसा. पाणी आधी तांबडं झालं, मग त्यावर फेस आला, मग काटक्या, आणि मग सागाची पानंच पानं. नाव एकाएकी आखडली. खाली गाडी घसरत होती. तोंड बाभळीने धरलेलं, शेपूट गाडीने ओढलेलं. शेपटाची कड पाण्याला टेकली आणि पाणी आत आलं.

"तोड!" सूर्यभान ओरडला.

जमुना हलली नाही.

"तोड व! मरतो आपन!"

"तोडू नको!" काठावरून केशवराव बोंबलला. "माझ्या गाठी! खबरदार तोडलं तर!"

फळ्या करकरल्या. सूर्यभान कुऱ्हाडीकडे झेपावला. जमुना उठली, त्याच्या अंगावरून नावेच्या तोंडाकडे धावली आणि तिने बाभळीचा दोर तोडला.

काठाचा दोर कोणी भोई तोडत नाही. काठ सुटला की मढं, असंच लहानपणापासून सांगतात. नाव गर्रकन फिरली आणि गाडीच्या मागे, पुराच्या मधोमध, वाहत निघाली. पण ओढ ढिली पडली. शेपूट पाण्याबाहेर उचललं गेलं.

जमुना पालथी पडून दोराला दोन्ही हातांनी धरून होती. दोराला झटका बसला. मग दुसरा. मग पाण्यातून एक हात आला.

तिने गोवर्धनला केसांना धरून आत ओढलं आणि तेव्हा गाडीचा दोर तोडला.

नाव खालच्या वळणावर बाभुळबनात अडकली. गोवर्धन पाणी ओकत पडला होता. गाठीच्या तरटात अडकलेल्या पायाची सालटी निघाली होती.

"मले वाटलं दोर गेला," तो म्हणाला. "भाऊजी, तुमी तोडू देल्ला नाई ना?"

सूर्यभानने मान फिरवली. घाटाकडून काठाकाठाने केशवराव येत होता. तोंडात शिव्या, माणसाची चौकशी एक नाही. त्याच्या मागे, घाटावर, कापसाच्या आणखी गाड्या येऊन उभ्या होत्या. नदी उतरली की त्या घाटात उतरणारच होत्या, आणि एखादी बुडणारही होती.

सूर्यभानने कुऱ्हाडीसाठी हात पुढे केला.

जमुनाने ती मांडीखाली घेतली. दुसऱ्या हाताने तिने त्याची मूठ उघडली. पान अजून तिथेच होतं, घामाने लगदा झालेलं.

"आता बुडी तुमी मारा," ती म्हणाली. "दोरावर मी बसतो."