काळ्या कागदाखालची मुळं

चिमीने ताटलीवरचा काळा कागद चिमट्याने एका कोपऱ्यात धरला आणि जखमेवरची पट्टी काढावी तसा हळूहळू सोलून काढला. खाली मुळं होती. सरळ, पांढरीशुभ्र, ताटलीच्या तळापर्यंत पोचून तिथे जागा संपली म्हणून बाजूला वळलेली. कागदाबाहेर राहिलेली पानं मात्र कडांना करपून तांबूस झाली होती.

"मेले," ती म्हणाली.

ऐकायला कुणी नव्हतं. अतिनील दिव्यांच्या त्या खोलीत कामाशिवाय कुणी थांबत नसे. तोंडावर ढाल लावा, हातात मोजे चढवा, वर दिव्यांचा तो उग्र वास. बसून गप्पा मारायची ती जागाच नव्हे. तिने दुसरी ताटली काढली, मग तिसरी. सगळीकडे तेच. शेजारच्या रांगेत कागद न लावलेल्या ताटल्या होत्या, त्याच बियांच्या, त्याच दिव्यांखालच्या. त्यांतली मुळं आखडलेली, जाडसर, वेडीवाकडी. आजवर ती हीच मुळं पाहत आली होती आणि हीच खरी म्हणून विद्यार्थ्यांना दाखवत आली होती.

दारावरच्या पाटीवर तिच्या नावामागे डॉक्टर होतं, पण घरी चाळिशी उलटली तरी चिमी ती चिमीच. आणि तिचे बाबा म्हणजे ज्यांनी 'पानांचा निरोप' शोधून काढला ते. अतिनील प्रकाश पानांवर पडला, की पानं खाली मुळांना निरोप धाडतात, बाबांनो, आवरतं घ्या, आणि मुळं वाढायची थांबतात. एवढंच ते म्हणणं. सोपं, देखणं, परीक्षेत हमखास येणारं. पाठ्यपुस्तकात त्याचं चित्र होतं, पानाकडून मुळाकडे जाणारा एक बाण. परवा त्या बाणापायी संस्था बाबांचा सत्कार करणार होती आणि नव्या सभागृहाला त्यांचं नाव देणार होती.

मुळं तर म्हणत होती, कसला निरोप अन् कसलं काय. जमिनीत मुळांना उजेड ठाऊक नसतो. प्रयोगशाळेत ती नीट दिसावीत म्हणून त्यांना मातीऐवजी काचेसारख्या स्वच्छ जेलवर वाढवतात, ताटल्या उभ्या करून ठेवतात आणि झाकणं काढून त्यांच्यावर दिवा सोडतात. दिवा काही पान कुठलं, मूळ कुठलं हे बघत नाही. पानांनी बिचाऱ्यांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. मुळं आपली उघड्यावर भाजत होती. ती का आखडतात हे शोधायला जगभरची हुशार माणसं पानांचं चर्वण करत बसली होती. चिमीला आधी हसू आलं आणि मग परवाचा सत्कार आठवला.

खरं तर तिने कागद लावला होता तो उगाच. तिच्या नव्या लेखावर कुणा अनोळखी परीक्षकाने एका ओळीची शंका काढली होती, मुळांवर थेट प्रकाश पडत नाही ना? त्याचं तोंड बंद करायचं म्हणून तिने निम्म्या ताटल्यांचा मुळांकडचा भाग कागदाने झाकला. तोंड तिचंच बंद झालं.

दोन ताटल्या, एक झाकलेली आणि एक उघडी, तिने डब्याच्या पिशवीत उभ्या ठेवल्या आणि ती भर दुपारी घरी निघाली. सत्कार होऊन गेल्यावर लेख छापून आणणं म्हणजे बापाच्या पाठीत सुरा. त्यापेक्षा आधी सांगावं. बाबा चिडतील, पुन्हा प्रयोग कर म्हणतील, पण शेवटी ऐकतील, ती त्यांची मुलगी होती आणि तिला हे सगळं शिकवलं होतं त्यांनीच.

बाबांपेक्षा तिला काळजी होती आईची. पानांचा निरोप बाबांचा जेवढा, तेवढाच आईचाही. तो पहिला लेख दोघांच्या नावावर होता. एकाच टेबलाशी बसून दोघांनी तो केला होता. मग चिमी झाली आणि आईने प्रयोगशाळा सोडली. घरात हे कुणी लपवलं नाही, उलट आल्यागेल्याला कौतुकाने सांगितलं. "चिमी झाली आणि हिने सगळ्यावर पाणी सोडलं," बाबा म्हणायचे आणि आई हसून चहा आणायला उठायची. लहानपणी चिमीला त्याची ऐट वाटे. कळायला लागल्यावर तेच टोचायला लागलं. आपण जन्माला आलो आणि एका बाईचं काम बंद पडलं, ही काही विसरायची गोष्ट नव्हे. म्हणून तिने आईचाच विषय घेतला, आईच्याच दिव्यांखाली उभी राहिली, परदेशातली चांगली चालून आलेली नोकरी नाकारली. लग्नाचंही असंच राहून गेलं. प्रत्येक नवा लेख ती सगळ्यांत आधी आईच्या हातात द्यायची. आई तो सावकाश वाचायची आणि म्हणायची, "छान झालाय." आणि आता आईने आयुष्यात केलेलं एवढं एकच काम तिला खोडून काढायचं होतं.

बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि खिडकीला भाषण म्हणून दाखवत होते.

"आलीस? बरं झालं. शेवट जरा जड होतोय का बघ. 'पान जे सोसतं, ते मूळ ऐकतं.'"

"बाबा, आधी एक दाखवायचंय."

"दाखव की. पण जड होतोय का ते सांग."

तिने दोन्ही ताटल्या टेबलावर, त्यांच्या भाषणाच्या कागदांवरच ठेवल्या. कुठली झाकलेली आणि कुठली उघडी, एवढं सांगितलं. जास्त सांगायची गरज नव्हती. बाबांनी चष्मा लावला, झाकलेली ताटली उचलली, तिरपी केली. कागदाची कड जिथे होती तिथपर्यंत पानं तांबूस होती आणि तिथून खाली सगळं पांढरं. बाबांनी त्या सीमेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

चिमी तयारीत होती. कागद तापला असेल, बी वेगळं असेल, दिवे जुने झाले असतील. बाबा काय काय म्हणतील याची उत्तरं तिने वाटेत घोकून ठेवली होती.

बाबांनी ताटली खाली ठेवली.

"आईने सांगितलं तुला?"

हे काही तिने घोकलेल्यांत नव्हतं.

"काय सांगितलं?"

बाबांनी चष्मा काढला, मिटला, पुन्हा उघडला. मग ताटल्यांखालून भाषणाचे कागद अलगद ओढून घेतले. वरच्या पानावर ओलसर चौकोन उमटला होता, तो ते बाहीने टिपत राहिले.

"काही नाही. परवाचं होऊन जाऊ दे, चिमे. मग बसू, बोलू. एवढं करशील ना?"

त्यांना नुसतं वाईट वाटलं असतं तर तिने केलंही असतं. पण त्या तोंडावर आश्चर्य कुठे औषधालाही नव्हतं. तिने ताटल्या उचलल्या आणि ती आत गेली.

आतल्या खोलीत आई बाबांच्या परवाच्या शर्टाला इस्त्री करत होती. चिमी ताटल्या घेऊन समोर उभी राहिली. आईची नजर आधी तिच्या चेहऱ्याकडे गेली आणि मग ताटल्यांकडे. तिने इस्त्री उभी केली, तळवे झग्याला पुसले आणि झाकलेली ताटली उचलून खिडकीसमोर धरली. फक्त कडांना दोन बोटं, मुळांवर सावली पडणार नाही अशी. ताटली हातात न घेता तिला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, असं चिमी समजत आली होती. बोटं मात्र विसरली नव्हती.

"कागद बाहेरून लावलास?"

"हो."

"मी आतून लावला होता. ओल धरायचा." आईने ताटली जरा वळवली. "म्हणून तुझ्या बाबांना बोलायला जागा मिळाली."

"कधी, आई?"

"लेख छापायला गेला होता तेव्हा. मला आपलं राहवेना. मी ताटल्या नेऊन त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हणाले, कागदाने ओल धरली म्हणून मुळं लांबली. म्हटलं, ठीक आहे, परत करते, बाहेरून लावून. तर म्हणाले, दिवे मोकळे नाहीत."

"मग?"

"मग काय. दिवे कधी मोकळे झालेच नाहीत."

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलले नाही होय! घर डोक्यावर घेतलं. एक शब्द छापू देणार नाही म्हटलं. तर छापून आलाच, माझ्या नावासकट. मग मी सांगितलं, त्या टेबलाशी मी परत बसणार नाही. ते म्हणाले, लोक विचारतील, त्यांना काय सांगायचं?"

आई थांबली. ताटली तिने जपून टेबलावर ठेवली.

"आणि तेवढ्यात तुझी चाहूल लागली. तू अगदी वेळेवर झालीस."

बाहेर बाबा पुन्हा भाषण म्हणू लागले होते, पण अडखळत. चिमीला वाटलं, ही इस्त्री उचलावी आणि भिंतीवर फेकावी. आपण कोणाची देणेकरी म्हणून इतकी वर्षं मान खाली घालून वावरलो? नोकरी नाकारली ती कोणासाठी?

"आई, मी जन्मभर तुझी भरपाई करत बसले."

"मी कधी मागितली?"

"नको म्हणालीस का कधी?"

"नको म्हटलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं." आईचा आवाज चढला नाही. "संसार होता, चिमे. दोघांपैकी कुणाला तरी खोटं पाडून तो चालला नसता. तुझं निमित्त बरं होतं. त्यात कुणाचीच चूक नव्हती."

तिने शर्ट उचलला, हँगरला लावला, गळ्याचं बटण घातलं.

"हा त्यांच्या कपाटाला अडकव. आणि त्या ताटल्या राहू देत इथे, मी टाकते. परवा पहिल्या रांगेत बसायचंय मला. एवढी वर्षं झाकून धरलं, आता दोन दिवसांसाठी कशाला उघडायचं."

हँगर मध्येच हवेत राहिला. चिमीने हात पुढे केला नाही. तिने ताटल्या उचलल्या आणि पुन्हा पिशवीत उभ्या ठेवल्या.

"लेख आज जाईल, आई. आत्ता."

"अगं, सभागृहावर पाटी लागलीये. निमंत्रणं गेलीत. लोक विचारतील, काय सांगायचं त्यांना?"

"माझं नाव सांगा," चिमी म्हणाली. "सवय आहे तुम्हाला."

बाहेरच्या खोलीतून ती बाबांच्या अंगावरून गेली, तेव्हा त्यांनी हाक मारल्याचं आईने ऐकलं. मग दाराचा आवाज झाला. आईने हँगर काढला, शर्ट पुन्हा फळीवर पसरला आणि त्याला एकही सुरकुती नसताना वरून इस्त्री फिरवू लागली.