बोटीवरचं किचन

माझे कान चांगले आहेत. यात फुशारकी काही नाही, नोकरीच तशी होती. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून हेडफोन लावून बसले. पलीकडचा माणूस "सगळं ठीक" म्हणाला तरी ठीक आहे की नाही, हे मला त्याच्या पहिल्या श्वासातच कळायचं. रिटायर झाले, गुडघे गेले, कान राहिले. त्या कानांपुढे आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमधली चार इंची भिंत म्हणजे काहीच नाही.

तर फेब्रुवारीत एका दुपारी शेजारच्या सातशे तीनमधून रुचिकाचा आवाज आला. "सोड! सोड म्हणते ना! मुकुल, नको, थांब!" आणि पाठोपाठ धप्प. हातातली मेथीची जुडी तशीच टाकून मी उठले. मुकुल आणि रुचिका म्हणजे लग्नाला दीड वर्ष झालेलं जोडपं, आमच्या शेजारी येऊन जेमतेम दोन महिने झालेले. तो घरूनच ऑफिसचं काम करायचा. ती आठवड्यातून दोन दिवस अंधेरीला जायची, बाकीचे दिवस घरीच. दिसायला तो इतका गोड की लिफ्टमध्ये माझी पिशवी हातातून काढून घ्यायचा.

मी एकटी गेले नाही, तिथेच फसले. सेक्रेटरी सामंतांना फोन केला. ते आले, त्यांच्या मागून बाकीची वरात आली. यात दहा मिनिटं गेली. बेल दोनदा वाजवावी लागली. मुकुलने दार उघडलं, हातात गेमचा तो रिमोट, तोंडभर हसू. मागे भल्यामोठ्या टीव्हीवर एक लाल टोमॅटो उड्या मारत होता आणि बासरीसारखी गोड धून चालू होती. रुचिका सोफ्यावर बसलेली, तिच्या मांडीवर दुसरा रिमोट.

"अहो काकू, गेम खेळतोय!" मुकुल म्हणाला. "स्वयंपाकाचा गेम आहे. मी हिच्या हातातली प्लेट पळवत होतो म्हणून ओरडत होती. हो ना गं?"

"हो," रुचिका म्हणाली.

सामंत पोट धरून हसले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी त्या दारातच हात जोडले. "माफ कर रे बाबा, म्हातारीची चूक झाली." तो म्हणाला, "काकू, लाजवताय काय!" संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टोमॅटोचं चित्र टाकून खाली लिहिलं, "हळू बोला, कुंदाताई ड्युटीवर आहेत." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांगच लागली.

आमचे हे, म्हणजे नंदकिशोर, दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती वेळा सांगितलं, लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस. एक्स्चेंज बंद झालं, आता तू पण बंद हो." आणि त्या भिंतीला लागून असलेला सोफा त्यांनी स्वतः ढकलत खिडकीकडे नेला. मीही कानाला खडा लावला.

आणि खरं सांगते, सध्या आमच्या बिल्डिंगमध्ये गेम खेळत नाही असा माणूस शोधून दाखवा. सामंत मीटिंग चालू असताना टेबलाखाली मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडतात. चौथ्या मजल्यावरच्या सुहासिनीबाई टॅबवर शेती करतात, रोज टोपलीभर भोपळे काढतात, आणि घरातली तुळस बघावी तर वाळून कोळ झालेली. आमचे हे दिवसभर फोनवर कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी कॅरम खेळतात आणि हरले की नेटवर्कला शिव्या देतात. मग त्या दोघांनी टीव्हीवर खेळलं तर माझ्या पोटात का दुखावं?

एका शनिवारी मुकुलनेच बोलावलं. "काकू, या की, तुम्ही पण खेळा. म्हणजे गैरसमज जाईल." गेले. आणि काय सांगू, मला ते जाम आवडलं! दोघांनी मिळून हॉटेलचं किचन सांभाळायचं. भाजी चिर, शिजव, प्लेट लाव, बाहेर पाठव, भांडी घास. चार मिनिटांत सगळं उरकायचं. जन्मभर जे फुकट केलं, त्याचे इथे स्टार मिळतात. रुचिकाने मला बोट धरून शिकवलं. मी चष्मा सांभाळत कांदे चिरायची आणि ती म्हणायची, "काकू, झकास!"

डोळ्यांना सगळं दिसायचं नाही म्हणून मी तो गेम कानांनी शिकले. प्लेट बाहेर गेली की टिंग. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ढोल जोरात. चार मिनिटं संपली की पिपाणी. एकदा मुकुल आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होता आणि आम्ही चहा पीत होतो, तेव्हा टीव्ही आपोआप त्या उड्या मारणाऱ्या टोमॅटोवर गेला आणि बासरी सुरू झाली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"हा पहिला स्क्रीन, काकू," रुचिका म्हणाली. कप खाली ठेवून, माझ्याकडे बघून. "कोणी बराच वेळ हात लावला नाही की गेम इथे येतो. ही धून चालू असली म्हणजे कोणी खेळत नसतं. नीट ऐकून ठेवा."

मला वाटलं, शिकवतेय बिचारी म्हातारीला.

पण दोन गोष्टी मला खटकल्या होत्या, आत्ता सांगते. गेममध्ये काही करपलं की आपण पडद्याकडे बघतो ना? रुचिका आधी मुकुलच्या तोंडाकडे बघायची. आणि एका शनिवारी तिच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. "गेम खेळून खेळून," मुकुल हसत म्हणाला. मी पण हसले. त्या दिवशी ती डाव्या हाताने चहा ओतत होती आणि मी हसत होते.

मे महिन्यापासून बोलावणं बंद झालं. "रुचिकाला काम वाढलंय, काकू," मुकुल दारातच सांगायचा, दार अर्धंच उघडून. पण गेमचा आवाज तर रोज यायचा, पूर्वीपेक्षा मोठा. माझ्या मनात पाल चुकचुकली. काम वाढलंय तर खेळतं कोण?

मग एक मंगळवार. दुपारचे तीन. मी सोफा पुन्हा भिंतीकडे ओढला होता. हे कॅरममध्ये दंग. पलीकडून रुचिकाचा आवाज आला, "सोड... सोड ना," आणि काहीतरी आपटलं. आणि त्याच्या मागे, मोठ्या आवाजात, बासरी.

टिंग नाही. ढोल नाही. नुसती बासरी. संपायची, थोडी थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. सात वेळा.

"अहो," मी म्हणाले, "ते खेळत नाहीयेत."

"पुन्हा सुरू झालं का तुझं?" ह्यांनी मान वर केली नाही. "तो ग्रुप आठवतो ना?"

आठवत होता. त्याच भीतीने मी उठले नाही. फक्त रुचिकाला फोन लावला. चौथ्या प्रयत्नाला तिने उचलला. "हो काकू, बोला ना. काही नाही, गेम खेळत होतो." आवाज सरळ, एकदम इस्त्री केलेला. पण बोलण्याआधी तिने जो श्वास घेतला तो मी ऐकला. असे श्वास मी तीस वर्षं ऐकलेत. तरी स्वतःलाच म्हटलं, कुंदा, तुझ्या संशयी स्वभावाने एकदा वाट लागली आहे. गेम चालू ठेवून दोघं नुसती मस्ती करत असतील. नवरा-बायको आहेत.

खात्री करायची तर कशी? सरळ विचारलं तर ती "हो, खेळत होतो" म्हणणार, हे कळून चुकलं होतं. दोन दिवस डोकं चालवलं. गुरुवारी सकाळी ते दोघं लिफ्टमध्ये भेटले. उकाड्यात रुचिकाने पूर्ण बाह्यांचा कुडता घातलेला. मी आपली भोळसट आजी झाले.

"काय रे मुकुल, हल्ली जोरात खेळता वाटतं! ते बोटीवरचं किचन पार केलं का? मला मेलीला तिथे एक स्टार मिळेना."

"ते होय? ते केव्हाच, काकू," मुकुल म्हणाला. "परवा मंगळवारीच खेळलो. तीन स्टार!"

बोटीवरचं किचन त्या गेममध्ये नाहीच. मी शनिवारी शनिवारी सगळी किचनं बघितली होती. बर्फातलं, जंगलातलं, ट्रकमधलं. बोट नाही. मी थाप मारली होती, आणि त्याने तीन स्टार काढून दाखवले.

रुचिकाने मान वर केली. तिला तर पक्कं माहीत होतं, तिनेच मला सगळं शिकवलं होतं. मला वाटलं, आता ही बोलून जाईल आणि माझी फजिती होईल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फार अवघड आहे ते, काकू. बोट सारखी हलते. हातात काही धरवत नाही. एकटीला नाही जमत."

लिफ्टचं दार उघडलं. मुकुल तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन गेला. मी आतच उभी राहिले आणि लिफ्ट मला परत वर घेऊन आली.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांच्या फोनवर कॅरमचा डाव चालू होता. वेळ संपून डाव गेला तरी ह्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी फोनचा आवाज बंद केला आणि माझ्या शेजारी, भिंतीला लागून, सोफ्यावर येऊन बसले. चाळीस वर्षांत हा माणूस कधी माझ्याबरोबर असा ऐकत बसला नव्हता.

त्याच दुपारी सव्वातीनला बासरी सुरू झाली. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला भांडं पडलं. तिसऱ्या खेपेला रुचिका ओरडली. त्यात शब्द नव्हता.

ह्यांनी मला हात देऊन उठवलं. "जा," ते म्हणाले. "मी आहे मागे."

या वेळी मी कुणालाही फोन केला नाही. बेलवरून बोट काढलंच नाही. दार उघडेपर्यंत दाबून धरली. मुकुल आला. हातात रिमोट, तेच हसू, कपाळावर घाम.

"काकू, काय हे! मस्त लेवल चालू होती."

"होती ना? मग मलाही खेळायचंय. सरक."

"आत्ता नको, काकू."

"सरक म्हणते ना!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच्या हाताखालून मी आत शिरले. टीव्हीवर टोमॅटो उड्या मारत होता. सोफ्यावर कोणी नव्हतं. रुचिका स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसलेली, एक हात पोटाशी घट्ट धरून. ओठ फुटला होता.

"ती पडली," मुकुल म्हणाला. "रुचिका, सांग काकूंना."

पहिल्यांदाच ती "हो" म्हणाली नाही.

"ऊठ, बाळा," मी म्हणाले. "चल."

ती उठली. मुकुल मध्ये आला, तेवढ्यात दारातून आमचे हे आत आले. पासष्ट वर्षांचा माणूस, पायजमा-बनियनवर, फोन कानाला लावून पोलिसांना आमच्या बिल्डिंगचा पत्ता सांगत होता, एकेक शब्द सुटा करून. मुकुल जागच्या जागी थबकला. आम्ही अनवाणी बाहेर पडलो.

घरात आल्यावर ह्यांनी कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. मी रुचिकाला सोफ्यावर बसवलं, फडक्यात बर्फ बांधून दिला. तिने बोरिवलीला आईला फोन लावायला सांगितला आणि नंबर सांगितला. माझ्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला. मुकुलचा. "कुंदाकाकू पुन्हा ड्युटीवर!" आणि खाली हसणारं तोंड. त्याखाली सामंतांचंही आलं.

भिंतीपलीकडे बासरी चालूच होती. बंद करायचं त्याला सुचलं नसावं.

"तुला सांगते, रुचिका," मी म्हणाले, "तू मला ही धून शिकवली नसतीस ना, तर मला काही कळलं नसतं."

तिने बर्फ ओठावरून बाजूला केला. "तुम्हाला आधीच कळलं होतं, काकू," ती म्हणाली. "फेब्रुवारीत. तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा त्याने टीव्ही लावला. रिमोट माझ्या मांडीवर टाकला. दार उघडलं तेव्हा हीच चालू होती ना? आठवतंय?"

आठवलं. लाल टोमॅटो आठवला, बासरी आठवली. आणि तिच्यासमोर, तिच्या नवऱ्यापुढे जोडलेले माझे दोन्ही हात आठवले.