हात मागे!

द्राहोमीराबाईंनी चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतातल्या शाळेत चौतीस वर्षं पहिलीच्या पोरांना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली. हात मागे! पाठीशी हात बांधून ताठ बसलेलं मूल म्हणजे शहाणं मूल. निवृत्त झाल्यावर काम मिळालं ते विज्ञान केंद्रात, जिथे भिंतीभिंतीवर 'हात लावा' असं लिहिलेलं. नशिबाने थट्टा करायची तरी किती!

त्यांच्याकडे गिरकीची खुर्ची होती. खुर्चीवर बसायचं, सायकलचं फिरतं चाक दोन्ही हातांत धरून तिरकं करायचं, की खुर्ची आपली आपण वळते. मुलं किंचाळायची, पुन्हा रांगेत घुसायची. बाईंना ते बघताना आनंद व्हायचा आणि आत कुठेतरी दुखायचंही.

त्या मंगळवारी चौथीचा वर्ग आला. पण या मुलांनी किंचाळायचं नाव काढलं नाही. खुर्चीभोवती गोल करून उभी राहिली, सगळ्यांचे हात पाठीमागे.

"बाई! ओळखलंत का? मी रादिम!" त्यांचे शिक्षक पुढे आले. टक्कल पडलेलं, पण कान तेच.

बाईंना तो दिवस आठवला. सात वर्षांच्या रादिमने टेबलावरचं पेन्सिलींना टोक करायचं यंत्र उघडून पुन्हा जोडलं होतं. एक स्प्रिंग उरली. बाईंनी त्याला वर्गापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "बघा रे, या हातांनी धरलं की मोडलंच!" वर्ग हसला. शाळा सुटल्यावर त्यांनी यंत्र फिरवून पाहिलं. आधी अडकायचं, आता लोण्यासारखं चालत होतं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बाईंचं चुकलं, असं पोरांना कसं कळू द्यायचं?

"बघा, कशी शिस्त आहे! तुमचीच शिकवण," रादिम हसत म्हणाला. "माझं मात्र अजून तेच हं बाई. घरचा बल्बसुद्धा बायको बदलते. माझा हात लागला की मोडलंच!"

तेवढ्यात आपोलेना नावाच्या मुलीचं बोट हळूच चाकाकडे गेलं.

"हात मागे!" रादिम कडाडला. तोच सूर, तीच शेवटची उचल. बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि राहवेना.

"बसू दे तिला," त्या म्हणाल्या. आपोलेनाला खुर्चीवर बसवून त्यांनी चाक तिच्या हातात दिलं. मग रादिमकडे वळल्या. "ते यंत्र मोडलं नव्हतं रे. तू दुरुस्त केलं होतंस. मी निवृत्त होईपर्यंत त्यानेच पेन्सिलींना टोकं केली. मला त्याच दिवशी कळलं होतं."

कुठलं यंत्र, असं रादिमने विचारलं नाही.

"तेव्हा सांगायचं होतंत, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"चुकले रे मी."

आपोलेना गरकन वळली आणि खिदळली. बाकीची मुलं आता हात सोडून रांगेसाठी भांडत होती.

"सर, आता तुम्ही बसा!" तिने चाक पुढे केलं.

रादिमचा हात अर्ध्यावर आला.

"नको गं, मोडेल," तो म्हणाला, आणि त्याचे हात आपसूक पाठीमागे गेले.