खालचा कागद

मित्रांनो, गिरगावातल्या एका गल्लीत मालनकाकूंच्या ओटीच्या भिंतीवर टांगलेला मी एक जुना सागवानी सूचनाफलक आहे. जन्माने मात्र मी फाटक. साठ वर्षांपूर्वी गल्ली रुंद करण्यासाठी काकूंच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, अंगणाची पट्टी दिली. फाटक उखडले गेले आणि सुताराने त्याच लाकडातून मला घडवले. अप्पांनी माझ्या पाठीवर काहीतरी कोरले. स्वतःची पाठ मला दिसत नाही, म्हणून मी अंदाजही बांधला नाही.

पुढे माझ्यावर दहावीचे निकाल लागले, निधनाच्या वार्ता लागल्या. ‘फलकावर आहे’ म्हणजे खरे, अशी माझी पत होती. मग घरोघरी मोबाइल आले आणि माझ्याकडे बघणे थांबले.

गेल्या गणेशोत्सवाच्या आधी एका सरकारी शिपायाने माझ्यावर नोटीस डकवली. काकूंची ओटी रस्त्यासाठी घेतली जाणार होती. काकू तेव्हा रत्नागिरीला लेकीकडे होत्या. दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या निलेशने नोटिशीवर खळ फासून आरत्यांचे वेळापत्रक चिकटवले, वर गणपतीचे चित्र. विसर्जन झाले, तरी ते कोणी काढले नाही. देवाच्या चित्राला नख लावण्याचा आमच्याकडे रिवाज नाही. मला वाचा नाही. मी फक्त दिवस मोजले.

दसऱ्यानंतर मोजणीदार ओटीवर लाल खुणा करून गेले. घाबरलेल्या काकूंनी शेजारच्या इरावतीबाईंना हाक मारली. बाई रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका.

“मोजणी झाली म्हणजे नोटीस निघालीच असणार,” बाई म्हणाल्या.

“अगो, मला कोण विचारतंय? घेतील नि जातील.”

“घेण्याआधी विचारावं लागतं, काकू.” बाईंनी माझा कोपरा चाचपला. “इथे कागद दुहेरी आहे. निलेश, ओला फडका आण.”

“बाई, बाप्पा आहे त्याच्यावर! पाप लागेल.”

“माझ्या नावावर लिही. फडका आण.”

चित्र अखंड सुटले. खालची नोटीस वाचण्यासाठी मला उतरवून उजेडात नेले. “साठ दिवसांत लेखी हरकत घेता येते, समक्ष म्हणणं मांडता येतं,” बाईंनी वाचले. “आज बावन्नावा दिवस.”

निलेशचा चेहरा उतरला. “काकू, माझ्यामुळे...”

“तोंड काय पाडतोस मेल्या? कागद आण!”

तेवढ्यात बाईंनी मला उलटे केले. पाठीवर अप्पांचे अक्षर होते. बाईंनी ते मोठ्याने वाचले : ‘चार फूट रस्त्यास दिले. सन १९६४.’ नोटिशीतल्या नकाशात ते चार फूट अजून काकूंच्याच अंगणात होते. एकदा दिलेली रुंदी पुन्हा मागितली जात होती.

“पुरावा मिळाला!” निलेश ओरडला.

“पुरावा नव्हे, सुगावा. पुरावा भूमापन कार्यालयात असेल.”

तो तिथे होता. तीन फेऱ्या घालून निलेशनेच नक्कल आणली. सत्तावन्नाव्या दिवशी काकूंनी स्वहस्ते लिहिलेली हरकत दाखल केली. सुनावणीत त्यांचे सगळे ऐकून घेतले गेले आणि फेरमोजणीचा आदेश निघाला. ओटी राहील का, हे मला ठाऊक नाही; निकालाआधी तो सांगणे मला पटत नाही.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. नवा कागद लावण्यापूर्वी खालचा वाचा. कुणाचा तरी हक्क त्यावर दिवस मोजत असेल.

काकू आता रोज सकाळी चष्मा चढवून माझ्यासमोर उभ्या राहतात आणि मी कोरा असलो, तरी मला वाचतात.