गाळलेली फुली

चारुशीलाबाईंनी पेन्सिलीचं टोक उन्नतीच्या उजव्या करंगळीवर टेकवलं आणि पियानो मधेच थांबला.

“करंगळी कोणी वापरायला सांगितली?”

“असंच छापलं हाय, मॅडम,” उन्नती म्हणाली. “चुकली का मी?”

चुकली नव्हती, हीच तर पंचाईत होती. आठ पानांपैकी चार पानं पोरीने कुठेही न अडखळता वाजवली होती.

धरमपेठेतल्या या खोलीत बाई पस्तीस वर्षं पियानो शिकवत होत्या, आणि हा एत्यूद त्यांनी एकाही मुलीला शिकवला नव्हता. एत्यूद म्हणजे खरं तर बोटांच्या सरावासाठी लिहिलेली रचना. हा मात्र बोटांचा जीव घेणारा. ‘आपल्या हातांचं काम नाही ते,’ असं सांगून त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलं होतं. हिमानीला तर तीनदा. इतकी हुशार पोर, शेवटी कंटाळून पियानोचं झाकण लावून गेली ती गेलीच. आता सीताबर्डीत कुर्त्यांचं दुकान चालवते. बुटीबोरीच्या सूतगिरणीतल्या फिटरची ही उन्नती शहाणी निघाली. तिने विचारलंच नाही. फोनवरून नोटेशन छापून घेतलं आणि मिशनच्या शाळेतल्या जुन्या पियानोवर दोन वर्षं गुपचूप घासलं.

आज ती अर्ज घेऊन आली होती. एका संगीत न्यासाची शिष्यवृत्ती, तीन वर्षं परदेशात शिक्षण. रचना किती अवघड आहे ते गुरूने ठरवायचं: मध्यम, कठीण, अतिकठीण. ‘योग्य चौकटीत फुली मारा’ असं खाली छापलं होतं. अतिकठीण असेल तरच अर्ज पुढे जाणार. नाहीतर जूनपासून बापाच्याच गिरणीत पॅकिंगला जायचं, असं घरी ठरून गेलं होतं.

बाई उठल्या आणि कपाटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही घेऊन आल्या.

“हे बघ. यमुताईंच्या हातचं आहे. यात पाचचा आकडा कुठंच नाही. करंगळीशिवाय वाजवायचं, तीच याची परीक्षा.”

यमुताई म्हणजे बाईंच्या गुरू. आठवड्याच्या बोलीवर मिळालेल्या एका जुन्या विलायती पुस्तकातून त्यांनी ही आठ पानं हाताने उतरवली होती, स्वरांवरच्या बोटांच्या आकड्यांसकट. अंगठा एक, करंगळी पाच, हे पहिल्या दिवसाच्या पोरालाही ठाऊक असतं. त्या आकड्यांबरहुकूम चारुशीलेने तीन वर्षं हात मोडून घेतले आणि मुंबईला परीक्षेला गेली. दुसऱ्या पानावर बोटांचा गुंता झाला. परीक्षक भले गृहस्थ होते. तिच्या हाताकडे पाहून म्हणाले, हात लहान पडतो. त्या एका वाक्यावर बाईंनी सगळा जन्म काढला.

उन्नतीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवत गेली.

“मॅडम, इथं तीन, माह्यात चार. इथं दोन, माह्यात तीन. तुमच्यात सगळंच एकनं कमी काहून हाय?”

वही हातात देताना यमुताई काय म्हणाल्या होत्या, ते बाईंना जसंच्या तसं ऐकू आलं. ‘कुण्या कार्ट्याने पुस्तकात जागोजागी फुल्या मारून ठेवल्यात. मी गाळल्या हो त्या. तुझी वही स्वच्छ असावी.’

जुन्या विलायती पुस्तकांत अंगठ्याला फुली असायची, आणि एक-दोन-तीन-चार हे आकडे तर्जनीपासून पुढे चालायचे. ही गंमत बाईंनी शेकडो पोरांना सांगितली होती. आपली वही मात्र त्या नजरेने कधी पाहिली नाही. फुल्या गळल्या आणि प्रत्येक स्वर एकेक बोट अलीकडे सरकला होता. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि नाचणारीने जन्मभर स्वतःच्या पायांना शिव्या घातल्या. आता भांडायलासुद्धा यमुताई उरल्या नव्हत्या.

“ऊठ जरा.”

बाई स्टुलावर बसल्या. उन्नतीच्या कागदावरचं दुसरं पान, जिथे मुंबईला गाडी अडली होती त्याच चार ओळी. करंगळी जिथे हवी तिथे पडली आणि ओळी सरळ निघून गेल्या.

“वा मॅडम! पयल्याच झटक्यात!” उन्नतीने टाळी वाजवली.

“हो,” बाई म्हणाल्या. “पहिल्याच.” त्या स्टुलावरून उठल्या. “बस. राहिलेली चार पानं वाजव.”

पोरीने वाजवली. चार ओळी म्हणजे आठ पानं नव्हेत, हे बाईंना चांगलंच कळत होतं. शेवटच्या दोन पानांवर तर मनगटं सोलून निघावीत अशा उड्या होत्या. बरोबर बोटांनीही त्या मारणारं दुसरं माणूस अख्ख्या नागपुरात नव्हतं. शेवटचा स्वर विरला तेव्हा उन्नतीच्या कुर्त्याची पाठ घामाने चिकटली होती आणि ती हसत होती. अठरा वर्षांची होती. बाई मुंबईला गेल्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या.

“अर्ज आण.”

बाईंनी चष्मा पुसला. तिन्ही चौकटी वाचल्या, मग पुन्हा एकदा वाचल्या. फुली मारली, खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला.

उन्नतीने तो घाईघाईने उचलला आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं.

“मॅडम, फुली चुकून ‘कठीण’च्या चौकटीत पडली जी. पांढरी शाई हाय का? अजून दुरुस्त होते.”

बाई यमुताईंची वही पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चुकून नाही पडली,” त्या म्हणाल्या. “नीघ तू. तुझी बस जाईल.”