फणसाखालची व्हॅन

गेला महिनाभर दत्तप्रसादला एका जागी बसवत नव्हतं. कोचीपर्यंत भटकायचं म्हणून त्याने जुनी व्हॅन घेतली, आत बिछाना, पंखा, छोटा फ्रीज बसवला. घोडं अडलं ते सोलर पॅनेलपाशी. दोनशे वॅटचं घ्यावं की चारशेचं? बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर साधा की महागडा, एमपीपीटी जातीचा? पार्सेहून डिचोलीला, सगुणच्या सोलरच्या दुकानात, ही त्याची पाचवी खेप.

"साधा चालेल ना?" त्याने विचारलं आणि सगुण तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "नको, ढगाळ दिवशी महागडाच बरा. पण मग पॅनेल..."

सगुणने हातातली वायर खाली ठेवली. "आधी टपाचं माप घेऊया. गाडी खंय?"

"घरी, फणसाखाली. मी स्कूटरने आलोय."

"पाचही वेळा?"

"व्हॅन हलवली की शेजारी तिथे आपली गाडी लावतो. सावली गेलीच मग!"

सगुण हसला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा रे, सावलीत कुठलाही कंट्रोलर काय करणार? आधी तिला उन्हात तरी काढ."

दत्तप्रसाद तडक घरी आला, व्हॅनमध्ये बसला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. तेवढ्यात शेजारी अंगणात आला, बोटात आपल्या गाडीची किल्ली फिरवत.

दत्तप्रसादने इंजिन बंद केलं आणि सगुणला फोन लावला.

"पॅनेल पलीकडे उन्हात ठेवलं तर? वायर किती लांब मिळते तुझ्याकडे?"