गळ्याकडचा पिकअप

राजदीपच्या गिटारच्या गळ्याकडच्या पिकअपचा रोध सकाळी सात वाजता ९.१ किलोओहम भरतो आणि दुपारी तीनला ९.५. यात गूढ काही नाही. तांबं तापलं की रोध वाढतो, आणि एप्रिलमध्ये चंद्रपुरातल्या आमच्या मधल्या खोलीत सकाळ-दुपारमध्ये दहा-अकरा अंशांचा फरक पडतो. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. महिनाभर हे आकडे मी वहीत टिपले, कारण त्या गिटारबाबत दुसरं काही करायचं धाडस मला होत नव्हतं.

राजदीप माझा धाकटा भाऊ. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गिटार साधीच होती, आवाज पातळ आणि टोचणारा. त्याला जुन्या रेकॉर्डवर असतो तसा गोल, ऊबदार आवाज हवा होता. पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वेढे वाढवले की आवाज जाड होतो, एवढं त्यानं कुठंतरी वाचलं आणि पिकअप काढून थेट रफीकभाईंच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात नेला.

"किती हॉर्सपावरचा पंप आहे रे हा?" रफीकभाईंनी भिंग लावून विचारलं होतं. घरी येऊन राजदीपनं त्यांची नक्कल केली, तेव्हा आई पोट धरून हसली होती.

रफीकभाईंनी वेढे वाढवून दिले. मोटारीला वाइंडिंगनंतर वार्निश पाजून सुकवतात, तेव्हाच वेढे घट्ट बसतात. त्याला दोन दिवस लागतात, आणि राजदीपचा आलापल्लीचा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी होता. "आल्यावर आण, मारून देतो," रफीकभाई म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर बाकीचे आलापल्लीलाच मुक्कामाला राहिले. राजदीप एकटा मोटरसायकलवर निघाला. आष्टीजवळ रस्त्यात एक ट्रक दिवे न लावता उभा होता. गिटार दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या टेम्पोतून घरी आली.

त्याला आता दोन वर्षं झाली.

तो गेल्यावर महिन्याभरानं मी एका दुपारी कॉलेजातून परतले, तर मधल्या खोलीत कोणी पुरुष बोलत होता. दार लोटलेलं होतं. आवाज खालचा, जाड, आणि शब्दाच्या शेवटी किंचित ओढलेला. मी चप्पल काढायची विसरून तशीच उभी राहिले.

"काऊन निघाला रे रातीच?" तो विचारत होता.

आत आई एकटी होती. गिटार मांडीवर, तोंड तारांजवळ, गिटारचा अँप्लिफायर चालू. वार्निशाविना वेढे सैल राहिले की पिकअप तारांशिवाय हवेतला आवाजही उचलतो. त्या अँपमधून येताना बोलण्यातला वरचा, पातळ भाग गळून जातो. आई आणि राजदीप, दोघांचा बोलण्याचा हेल एकच. आई हळू बोलत होती, अँप मोठा होता. तिचं बोलणं बुडत होतं आणि त्याचं तेवढं ऐकू येत होतं.

कारण कळायला मला पाव तास लागला. ते मी तिला नीट समजावलंही.

"मले समजते ना, नूतन," ती म्हणाली. "माह्याच आवाज आहे तो. पण पाह्य, मी विचारलं की तो बी तेच विचारते. त्याले बी माहीत नाई वाटते."

तो रात्रीच का निघाला, ते मला माहीत होतं. त्या रात्री मी त्याला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी बाहेरच्या केंद्रावर होती आणि मला गाडी हवी होती. सातची बस होती, पण ती केंद्रापासून दीड किलोमीटरवर सोडते. तेवढ्यासाठी मी त्याला निघायला सांगितलं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आणि रोज दुपारी तीन वाजता माझा भाऊ भिंतीपलीकडून विचारत राहिला.

रफीकभाईंचा मुलगा जिशान त्याच ऑर्केस्ट्रात. राजदीपनंतर गिटार तोच वाजवतो. कार्यक्रमाला नेतो आणि परत आणून ठेवतो, ही आईची अट. पिकअप बदलू का, म्हणून त्यानं पाच-सहा वेळा विचारलं असेल. आई दर वेळी म्हणायची, "पाहू."

परवा रविवारी तो भर दुपारी आला. हातात नव्या पिकअपचे दोन छोटे खोके.

"काकू, आता पाहू नोका म्हणू," तो म्हणाला. "मागल्या वेळी स्टेजवर असा चिरकला का लोकं कान धरून बसले. गोंडपिपरीले जयंतीचा प्रोग्राम आहे. ताई, तुम्हीच सांगा, दोन्हीतला कोणता?"

मी मल्टिमीटर आणला.

"घ्या! बिमार गिटारले डॉक्टरीण भेटली."

"गप बस. आवाज कसा पाहिजे तुले?"

"राजदीपले पाहिजे होता तसाच. गरम. जुना."

पहिल्यात सिरॅमिक चुंबक होतं. ते जोरकस असतं, आवाज धारदार येतो. दुसऱ्यात अल्निकोचं, त्यातही कमी ताकदीचं. चुंबक तारेला कमी ओढतं, तार मोकळी थरथरते, कडा बोथट होतात. रोध ६.४. शिवाय तो आधीच मेणात बुडवलेला होता, म्हणजे वेढे घट्ट.

"हा," मी म्हणाले. "हा चिरकणार नाई."

"अन् बोलणार?" आईनं विचारलं.

जिशाननं माझ्याकडे पाहिलं. आई गिटारमधून बोलते, हे त्याला ठाऊक होतं. शेजारच्या नीलाबाईंनी अर्ध्या गल्लीला सांगितलं होतं.

"नाई, आई. बोलणार नाई."

"मंग जुन्यालेच वार्निश मारून दे म्हणा अब्बाले."

"त्यानंबी गप्पच होईन काकू," जिशान हळूच म्हणाला. "अब्बा रोज म्हणते, माह्यं काम अधुरं राह्यलं. पण गोष्ट एकच आहे."

आईनं गिटार मांडीवर ओढली. केबल लावली, अँपचं बटण फिरवलं. भोंगा घुमला आणि थांबला. तिनं तोंड तारांजवळ नेलं.

"काऊन निघाला रे रातीच?"

अँपमधून त्यानं विचारलं. जिशानच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. मी आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते, तारांपासून फार तर वीतभर.

"मी बोलावलं होतं त्याले," मी म्हणाले.

माझा आवाजही त्यातून गेला आणि जाड होऊन आला. आईनं मान वळवली नाही.

"सकाळी गाडी पाहिजे होती मले. ड्युटी होती. बस होती, आई. बस होती सातची."

"बस होती सातची," ते शब्द अँपमधून माझ्या शब्दांवर चढून आले.

अँपची गुणगुण चालूच होती. पन्नास हर्ट्झ. मी ती मोजत असल्यासारखी ऐकत राहिले. मग आईनं विचारलं, तारांपासून तोंड दूर नेऊन, फक्त मला:

"काय म्हटलं त्यानं फोनवर?"

मी अजून तिथंच वाकलेली होते.

"येतो ताई, म्हटलं."

"येतो ताई," राजदीप म्हणाला.

आई दचकली नाही. तिनं दोन्ही हात तारांवर पालथे ठेवले. गुणगुण दबली. किती वेळ ती तशी बसली, मला सांगता येणार नाही. घड्याळ समोर होतं, पण मी पाहिलं नाही. माझ्याकडेही तिनं पाहिलं नाही. नंतर तिनं स्वतःच अँप बंद केला, केबल उपसली आणि गिटार अलगद जिशानच्या पुढ्यात ठेवली.

"काढ तो," ती म्हणाली. "नवा बसव."